फक्त काळ्या शाईत छत्तीस फोटो: एका वाचनालयाच्या प्रदर्शनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोकणातल्या तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय. गावातला जुना फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकाच्या घरच्यांनी '१२०' या रुंद जातीच्या फिल्मच्या निगेटिव्हचे डबे वाचनालयाला देऊन टाकले. बंदरावरच्या होड्या, शाळेची गॅदरिंगं, लग्नाचे ग्रुप फोटो, गावात आलेली नवी एसटी असा सगळा ऐवज. त्यातले ३६ निवडून कायमचे भिंतीवर लावायचे ठरले. पुण्यात छोटा प्रिंट स्टुडिओ चालवणाऱ्या दोघांकडे हे काम आलं. मुदत सात आठवड्यांची होती आणि ते सातही पावसाळ्यातले.

निगेटिव्ह बहुतेक सहा बाय सहा सेंटिमीटरच्या होत्या. फ्लॅटबेड स्कॅनरवर २४०० पीपीआयने (एका इंचात तेवढे पिक्सेल) स्कॅन केल्यावर एका बाजूला साधारण ५३०० पिक्सेल मिळाले. प्रिंट बारा इंची चौकोनी हवी होती, म्हणजे ३६० पीपीआयला ४३२० पिक्सेल पुरतात. थोडक्यात, तपशिलाची अडचण कुठेच नव्हती.

अडचण

पहिल्या दहा प्रिंट स्टुडिओतल्या सहा रंगांच्या डाय शाईच्या (पाण्यात विरघळलेल्या रंगाच्या) ए-थ्री प्लस प्रिंटरवर, सेमी-ग्लॉस कागदावर काढल्या. स्टुडिओच्या दिव्याखाली त्या स्वच्छ करड्या दिसत होत्या. वाचनालयात एका भिंतीला पश्चिमेच्या खिडक्या, समोरच्या भिंतीवर ट्यूबलाइट आणि व्यासपीठाशी पिवळे बल्ब. दहाही प्रिंट तिथे टेकवून ठेवल्यावर कार्यवाहांनी विचारलं, "अहो, दारातून बघितलं तर हे हिरवट दिसतंय आणि बल्बखाली गुलाबी. फोटो काळे-पांढरेच आहेत ना?"

याला मेटामेरिझम म्हणतात. असा प्रिंटर फोटो कागदावर करडा रंग काळ्या शाईतून फारसा काढत नाही. निळसर, किरमिजी, पिवळी आणि पहिल्या दोघींची फिकी भावंडं एकत्र करून तो करडा जुळवतो, काळी शाई येते ती गडद सावल्यांत. हा समतोल एका प्रकाशापुरता खरा असतो. प्रकाशातल्या लहरींचं प्रमाण बदललं की प्रत्येक शाई वेगळ्या मापाने प्रकाश परत पाठवते आणि करडा एका बाजूला झुकतो. भरीस भर म्हणजे डाय शाया सारख्या वेगाने उडत नाहीत. आज एका जागी दिसणारा हिरवटपणा काही वर्षांनी कुठल्याही दिव्याखाली दिसला असता.

ड्रायव्हरमधलं 'ग्रेस्केल' हे खूण करायचं घर यावर उपाय नाही, हेही इथेच सांगायला हवं. फोटो कागद निवडलेला असताना ते घर भरलं तरी बहुतेक प्रिंटर करड्यासाठी रंगीत शायाच वापरतात. चार शायांच्या ज्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये काळी पिगमेंट (न विरघळणाऱ्या कणांची) आणि बाकीच्या डाय असतात, त्यात ग्लॉसी कागदावर काळीला हातही लागत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय डार्करूमचा. जुन्या स्टुडिओचं कामच ब्रोमाइड कागदावरचं होतं, त्यामुळे मूळ वस्तूच्या सगळ्यात जवळ जाणारा मार्ग हाच. पण अर्ध्याहून जास्त निगेटिव्हना बुरशीचे डाग होते आणि ते स्कॅननंतर संगणकावर एकेक करून काढले होते. एन्लार्जरखाली ते सगळे परत आले असते.

दुसरा पर्याय दोन-तीन करड्या शाया आणि कृष्णधवलची खास सोय असलेल्या मोठ्या पिगमेंट प्रिंटरवर बाहेरून छापून घेण्याचा. त्या प्रिंट उत्तम होतात. थोडी रंगीत शाई तिथेही पडते, पण डायच्या मानाने झुकाव नगण्य असतो. हा पर्याय सुटला तो दर्जामुळे नव्हे, पैशांमुळे. शिवाय वाचनालयाला पुढे दरवर्षी आठ-दहा प्रिंटची भर घालायची होती आणि त्या जुन्यांच्या शेजारी जुळायला हव्या होत्या.

तिसरा पर्याय म्हणजे एकच काळी कार्बन शाई, बाकी काही नाही. चौथा, तीच काळी शाई पाच वेगवेगळ्या प्रमाणांत पातळ करून सहाही कप्प्यांत भरायची. तयार बाटल्यांमध्ये ही सोय जॉन कोन यांच्या पीझोग्राफी शायांनी कधीच केलेली आहे. पॉल रोर्क यांनी एबोनी-६ या नावाने घरी पातळ करायची मांडणी सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. शेवटच्या दोन्ही मार्गांत रंगच नसल्याने झुकायला काही उरत नाही, म्हणून निवड त्या दोनांतच होती.

प्रिंटरबद्दलचा निर्णय मात्र लगेच झाला. स्टुडिओत चालू असलेला टाकीवाला प्रिंटर कार्बनला द्यायचा नाही. त्याच्या टाक्या आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करणं जिकिरीचं असतं आणि एकदा कार्बन गेल्यावर तो रंगीत कामाला परत येत नाही. सब्लिमेशनच्या (उष्णतेने कप-कपड्यांवर छापायच्या) दुकानातून एक जुना एपसन १३९० आणला, त्याला पुन्हा भरता येणारी सहा सुटी कार्ट्रिज लावली आणि क्वाडटोन रिप या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचाच जुळा १४०० हे मॉडेल निवडून तो चालवला. क्वाडटोन रिप हे रॉय हॅरिंग्टन यांचं शेअरवेअर. प्रत्येक कप्प्यातून किती शाई पडावी, हे त्यात स्वतः ठरवता येतं. सुटं कार्ट्रिज टाकीपेक्षा सोयीचं का, हे पुढे शाई बसायला लागली तेव्हा कळलं.

एकट्या काळ्या शाईची चाचणी

आधी शाईच तपासली. बाजारात 'पिगमेंट ब्लॅक' म्हणून मिळालेल्या दोन बाटल्यांतला एकेक थेंब पाण्यात पन्नासपट पातळ करून टीपकागदावर टाकला. एका थेंबाभोवती वाळताना जांभळी कड उमटली, म्हणजे तिच्यात डाय मिसळलेला. ती बाटली बाद झाली. दुसरीचा डाग मधूनच तपकिरी-करडा राहिला आणि कड रंगहीन. शुद्ध कार्बन पातळ झाला की असाच उबदार दिसतो.

मग फक्त काळा कप्पा चालू ठेवून, २८८० रिझोल्यूशनवर, एकाच दिशेने छापत पाच फोटोंच्या ए-फोर प्रिंट काढल्या. कागद ३०८ जीएसएमचा सुती मॅट. मॅट ब्लॅक शाई ग्लॉसीवर चालत नाही. ती वरच बसते आणि बोट फिरवलं की निघून येते.

बंदराचा फोटो बघून दोघंही खूश झाले. ओली वाळू, दोरखंड, होड्यांची फळकुटं, सगळं खणखणीत. लग्नाच्या ग्रुप फोटोने मात्र पाणी दाखवलं. पहिल्या रांगेत बसलेल्या आजींच्या पांढऱ्या नऊवारीच्या निऱ्यांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके दिसत होते. गालाच्या उजळ बाजूवरही तेच.

हे गणितात बसतं. या प्रिंटरचा सगळ्यात छोटा थेंब १.५ पिकोलिटरचा, म्हणजे उडताना सुमारे १४ मायक्रॉन व्यासाचा. कागदावर पसरून तो २५ मायक्रॉनच्या आसपास जातो असं धरू. हातातली प्रिंट ३० सेंटिमीटरवरून बघताना चांगल्या डोळ्याला साधारण ८५-९० मायक्रॉनचं अंतर वेगळं कळतं. वीस टक्के करड्यात दोन ठिपक्यांमध्ये जेमतेम ५० मायक्रॉन राहतात, म्हणून ते एकजीव दिसतात. तीन टक्के करड्यात हेच अंतर १२५ मायक्रॉनच्या पुढे जातं आणि पांढऱ्यावर सुटा काळा ठिपका उठून दिसतो. काळ्या शाईच्या छपाईची परीक्षा सावल्यांत होत नाही, ती अशी निऱ्यांत आणि ढगांत होते.

निर्णयाची जागा

३६ पैकी ११ फोटो एकट्या काळीत उत्तम झाले असते. तेवढेच तसे काढायचे आणि उरलेले २५ पातळ शायांत, असा मधला मार्ग चर्चेत होता. तो दोन प्रिंट शेजारी ठेवल्यावर मोडीत निघाला. पूर्ण ताकदीची काळी जवळजवळ तटस्थ दिसते, पातळ कार्बन मात्र मधल्या छटांत स्पष्ट उबदार असतो. एका भिंतीवर दोन जातीचे करडे टांगले असते तर कार्यवाहांचा पहिला प्रश्न पुन्हा तोच आला असता. सगळे ३६ पातळ शायांत काढायचे ठरले.

त्यानंतर उबदारपणाचा प्रश्न आला. थोडी निळी पिगमेंट घालून तो मारता येतो आणि अनेकजण तसं करतात. इथे ते टाळलं, कारण रंगीत रंगद्रव्य आलं की ते आपल्या वेगाने उडणार आणि कार्बन जागच्या जागी राहणार. कार्यवाहांना नमुना दाखवला. त्यांचं मत पडलं की आमच्या घरातले जुने फोटो असेच दिसतात.

शाई तयार करणं

प्रमाण ठरलं ते असं: काळ्या कप्प्यात १०० टक्के, किरमिजीत ३०, निळसरमध्ये १८, फिक्या किरमिजीत ९, फिक्या निळसरमध्ये ६ आणि पिवळ्यात २. सगळ्यात फिकी शाई पिवळ्या कप्प्यात टाकण्यामागे कारण होतं. प्रिंटर सब्लिमेशनचा, त्यामुळे धुतल्यावरही जुन्या शाईचा अंश राहणार. किरमिजीचा अंश दोन टक्के करड्यात गुलाबी होऊन दिसला असता, पिवळ्याचा सहसा कळत नाही.

पातळ करायचं द्रावण म्हणजे नुसतं पाणी नव्हे. पाण्याने चिकटपणा घटतो, थेंब नीट सुटत नाही आणि नोझलच्या तोंडाशी शाई वाळते. इथे एका लिटरला १०० मिली ग्लिसरीन, २० मिली फोटो-फ्लो २०० (फिल्म धुताना पाणी सारखं पसरवणारं द्रव) आणि उरलेलं डिस्टिल्ड पाणी घेतलं. फोटो-फ्लो सहज मिळत नाही, म्हणून भांडी घासायचं लिक्विड घालायचा मोह होतो. त्याचा फेस होतो, फेसाचे बुडबुडे कार्ट्रिजच्या तोंडाशी अडकतात आणि मधल्या मधल्या नोझलमधून शाईच येत नाही.

मिश्रण नेहमी आधी द्रावण, मग शाई या क्रमाने. १०० मिली बाटलीत ७० मिली द्रावण, त्यावर ३० मिली काळी, सिरिंजने काठावरून सावकाश सोडायची. बाटली हलवायची ती उलटसुलट करून, खळखळून नव्हे. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी कार्ट्रिज भरायची. दोन टक्क्यांच्या बाटलीत काळी फक्त दोन मिली जाते. तिथे अर्ध्या मिलीची चूक म्हणजे पाव शाई कमी-जास्त, म्हणून ती १० मिलीच्या नव्हे, दोन मिलीच्या सिरिंजने मोजली. मेडिकलमध्ये दोन्ही मिळतात.

इतकं करूनही पहिल्या भरणीत ६ आणि २ टक्क्यांची कार्ट्रिज एकमेकांच्या जागी भरली गेली. दोन्ही शाया बाटलीत सारख्याच चहाच्या पाण्यासारख्या दिसतात. चूक पकडली ती क्वाडटोन रिपच्या कॅलिब्रेशन पानाने. त्यावर सहा कप्प्यांच्या सहा वेगळ्या पट्ट्या छापल्या जातात आणि तिथे पिवळ्याची पट्टी फिक्या निळसरपेक्षा गडद आली. त्या दिवसापासून बाटलीवर, कार्ट्रिजवर आणि प्रिंटरच्या कप्प्यावर टक्क्यांची चिकटपट्टी लागली.

कर्व्ह बसवणं

कर्व्ह म्हणजे कुठल्या छटेला कुठली शाई किती पडावी याचा आराखडा. त्यासाठी कॅलिब्रेशन पानावरून दोन गोष्टी काढायच्या असतात. एक, काळी किती टाकल्यावर कागद आणखी काळा होत नाही. या कागदावर ७० टक्क्यांनंतर पट्टी काळी होण्याऐवजी पाझरायला लागली, तिथे मर्यादा घातली. दोन, प्रत्येक पातळ शाईची पूर्ण पट्टी काळीच्या कितव्या पायरीशी जुळते. ३० टक्क्यांची शाई म्हणजे ३० हा आकडा भरायचा, असं वाटतं आणि ते चुकतं. कागद शाई कशी पितो यावर ते अवलंबून असतं, म्हणून मोजूनच भरायचं.

त्यानंतर २१ पायऱ्यांची पट्टी छापून स्पेक्ट्रोफोटोमीटरने प्रत्येक पायरीचं एल मूल्य (उजळपणाचा आकडा, जितका कमी तितकं गडद) घेतलं आणि लिनिअरायझेशनच्या, म्हणजे पायऱ्या समान अंतरावर आणणाऱ्या, ओळीत टाकलं. पहिल्यांदा हे छपाईनंतर अर्ध्या तासात केलं. काळ्याचं मूल्य १५.९ आलं. त्या आकड्यांवर बसवलेल्या कर्व्हने दुसऱ्या दिवशी सावल्या उघड्या पडल्या. तीच पट्टी चोवीस तासांनी मोजली तर काळा १७.१. जुलैच्या हवेत मॅट कागदातली शाई अर्ध्या तासात वाळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा छापून, एक दिवस थांबून, पुन्हा मोजलं. दोन दिवस गेले, पण त्यानंतर कर्व्हला हात लावावा लागला नाही.

छपाईत काय बिघडलं

ए-थ्री प्लस कागदाचे २५-२५ चे दोन बॉक्स होते. ३६ प्रिंट निघेपर्यंत ४९ कागद गेले, म्हणजे तेरा वाया.

त्यातले सहा सुती तंतूंमुळे. अशा कागदाच्या पृष्ठावर सैल तंतू असतात. छपाईत त्यांच्यावर शाई पडते, नंतर ते गळून जातात आणि दाट काळ्यात पांढरी टिंबं राहतात. सहावा कागद गेल्यावर एक रिवाज पडला: कागद उभा धरून मऊ रुंद ब्रशने वरून खाली दोनदा झटकायचा, मगच ट्रेमध्ये. त्यानंतर हा दोष आला नाही.

तीन कागदांच्या कडेला हेड घासला. दमट हवेत उघडा राहिलेला कागद कोपऱ्यांतून वळतो. प्लेटन गॅप, म्हणजे हेड आणि कागद यांच्यातलं अंतर, रुंद केला आणि कागद सीलबंद पिशवीतून एकेक काढायला सुरुवात केली.

तीन प्रिंट शाई बसल्यामुळे गेल्या. मध्ये नऊ दिवस काम बंद होतं. नोझल चेक पूर्ण आला, एकही रेघ तुटलेली नव्हती, पण मधल्या छटा फिक्या आणि पट्टेदार. कार्बनचे कण जड असतात, ते खाली बसले होते आणि वरची विरळ शाई हेडकडे गेली होती. नोझल चेक शाई येते की नाही एवढंच सांगतो, किती दाट येते ते सांगत नाही. सहाही कार्ट्रिज काढून दहा-दहा वेळा हळू उलटी केली, एक हेड क्लीनिंग केलं आणि प्रत्येक कप्प्याचं एक भरीव पान काढलं, तेव्हा गाडी रुळावर आली. टाकीवाल्या प्रिंटरमध्ये हे हलवणं कसं केलं असतं, हा प्रश्नच आहे.

तेरावा कागद उलट्या बाजूने घातला गेला. लेप एकाच बाजूला असतो. ओलसर बोट कोपऱ्याला लावलं की लेपाची बाजू किंचित चिकटते, एवढी तपासणी रोज शंभरदा केली तरी एखादा निसटतो.

परिणाम

सातव्या आठवड्यात ३६ प्रिंट फ्रेम होऊन वाचनालयात गेल्या. फ्रेमिंगआधी प्रत्येक प्रिंट तीन दिवस उघडी वाळवली होती. काच घाईने लावली की आतून धूसर थर जमतो. काच आणि कागद यांच्यात माउंट बोर्डाचं अंतर ठेवलं, नाहीतर कोकणच्या हवेत कागद काचेला चिकटतो. खिडकी, ट्यूबलाइट आणि बल्ब या तिन्ही ठिकाणी एकच प्रिंट फिरवून बघितली. उबदारपणा थोडा कमी-जास्त वाटतो, पण हिरवा-गुलाबी खेळ नाही. काळ्याचं एल मूल्य १७ च्या आसपास असल्याने ग्लॉसीसारखी खोल सावली मात्र मिळाली नाही. बंदराच्या रात्रीच्या दोन फोटोंत ती उणीव दिसते.

पुन्हा करायचं झालं तर

सहा शाया जास्त झाल्या. पूर्ण काळी, १८, ६ आणि २ अशा चारांतही ही नऊवारी स्वच्छ आली असती आणि उरलेल्या दोन कप्प्यांत नुसतं द्रावण भरता आलं असतं. कप्पे कमी म्हणजे भरण्यातल्या चुका कमी, बसणारी शाई कमी आणि कर्व्हमधले सांधेही कमी. सहाची मांडणी आधीच तयार मिळते म्हणून ती उचलली गेली, गरज मोजून नव्हे.

पहिल्या दहा डाय प्रिंट थेट वाचनालयात नेण्याआधी एकच प्रिंट खिडकीशी आणि बल्बखाली धरून बघायला हवी होती. त्यात गेलेला दीड आठवडा वाचला असता. नऊ दिवसांच्या खंडात आठवड्यातून दोनदा एक भरीव पान काढलं असतं, तर ते तीन कागदही.

द्रावणाचं उरलेलं लिटर दोन महिन्यांनी बघितलं तेव्हा तळाशी पांढरे धागे तरंगत होते. ग्लिसरीन आणि दमट हवा म्हटल्यावर बुरशी येणारच. पुढच्या वर्षीच्या दहा प्रिंटसाठी आता २०० मिलीच करायचं आहे, बाटलीवर तारीख टाकून. दोन बॉक्समधला उरलेला एक कागद त्याच कामासाठी सीलबंद ठेवला आहे. नवी शाई झाली की २१ पायऱ्यांची पट्टी आधी त्यावर छापून जुन्या पट्टीशेजारी धरायची.